बेटावरचे राबते बंदर पाहायला जाताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उष्णकटिबंधातील एखाद्या बेटावर गेल्यावर तिथले व्यापारी बंदर पाहण्याची इच्छा असलेल्या वाचकांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. सोपे प्रश्न आधी आणि अडचणीचे नंतर घेतले आहेत. एकाच मुद्द्याची पुनरुक्ती होऊ नये म्हणून गरज असेल तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. राबते बंदर म्हणजे काय? पर्यटकांसाठी सजवलेल्या धक्क्यापेक्षा ते वेगळे कसे?

जिथे रोज माल चढतो-उतरतो, इंधनवाहू जहाजे रिकामी होतात, मासेमारी नौका परततात आणि शेजारच्या बेटांकडे जाणाऱ्या फेरी बोटी सुटतात, ते राबते बंदर. मुख्य भूमीवर एखादे बंदर बंद पडले तर माल दुसऱ्या बंदरातून किंवा रस्त्याने येऊ शकतो. लहान बेटावर मात्र मोठे जहाज लागू शकेल इतक्या खोल पाण्याचे बंदर बहुधा एकच असते, आणि धान्य, सिमेंट, डिझेल, औषधे, गाड्या असे सारे काही त्याच एका फाटकातून आत येते. तिथल्या लोकांना पाहुण्यांचे वावडे नसते, पण त्यांच्या कामात खंड पडला तर त्याचा परिणाम सगळ्या बेटाला भोगावा लागतो. पुढच्या बहुतेक उत्तरांचा आधार हाच आहे.

२. बंदरात कोणालाही आत जाता येते का?

काही भागांत येते, काही भागांत अजिबात येत नाही. सप्टेंबर २००१ मधील अमेरिकेवरील हल्ल्यांनंतर आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने जहाजे व बंदरे यांच्या सुरक्षेची संहिता तयार केली आणि ती १ जुलै २००४ पासून लागू झाली. आंतरराष्ट्रीय प्रवास करणारी जहाजे जिथे लागतात त्या प्रत्येक धक्क्याला तेव्हापासून कुंपण, तपासणी आणि प्रवेशाची नोंद आवश्यक झाली. संहितेत सुरक्षेच्या तीन पातळ्या आहेत. पहिली रोजची असते, आणि दुसरी किंवा तिसरी जाहीर झाली की आधी मिळालेली परवानगीही रद्द होऊ शकते.

मासेमारीची जेट्टी, फेरी बोटींचा धक्का, समुद्रकाठचा रस्ता आणि काही ठिकाणी लाटा अडवणारा बंधारा हे भाग साधारणपणे खुले असतात. कंटेनरचा तळ, तेलाची जेट्टी आणि नौदलाचा भाग बंद असतो.

३. बंद भागात जायचे असेल तर परवानगी कशी मिळवावी?

बंदर प्राधिकरणाकडे काही आठवडे आधी लेखी अर्ज करावा. त्यात भेटीचा हेतू, प्रत्येकाचे नाव आणि ओळखपत्राचा क्रमांक द्यावा. एकट्यादुकट्या पर्यटकापेक्षा महाविद्यालयाच्या किंवा व्यावसायिक संस्थेच्या गटाला परवानगी मिळणे सोपे असते. परवानगी मिळाल्यावरही सोबत बंदराचा माणूस असतो, आणि हेल्मेट, झळकणारे जाकीट व बंद बूट घालावे लागतात. फाटकावरच्या पहारेकऱ्याला गळ घालून किंवा पैसे देऊन आत शिरण्याचा विचारही करू नये. त्यात आपल्यापेक्षा त्याची नोकरी अधिक धोक्यात येते.

४. परवानगी मिळाली नाही तर बंदर कुठून पाहावे?

माझ्या मते बंदर सर्वांत चांगले दिसते ते फेरी बोटीच्या वरच्या डेकवरून. स्थानिक प्रवासी ज्या फेरीने रोज ये-जा करतात ती साधी बोट धक्क्यापासून सुटून जहाजांच्या अगदी जवळून, पण तिच्या ठरलेल्या मार्गाने जाते, आणि कुंपणापलीकडचे बरेच काही पाण्याच्या बाजूने मोकळे दिसते. दुसरी चांगली जागा म्हणजे बंदरामागची टेकडी. ज्वालामुखीतून तयार झालेल्या बेटांवर बंदराला लागूनच चढ असतो, आणि वरून प्रवेशमार्ग, प्रवाळाची पांढरी फेसाळ रेषा व धक्के यांचा परस्परसंबंध एका नजरेत कळतो. दुर्बीण जरूर न्यावी. नौदलाचा तळ जवळ असेल तर मात्र प्रश्न १४ आधी वाचावा.

५. नुसते उभे राहून पाहण्यासारखे तिथे असते तरी काय?

एक जहाज आत येताना सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहावे. दीड-दोन तास सहज जातात, पण त्यात बंदराचे बहुतेक सारे काम डोळ्यांसमोर उलगडते.

आधी पायलटची लहान, वेगवान बोट बाहेर जाते. पायलट म्हणजे त्या बंदराचे पाणी, प्रवाह आणि वारा पुरेपूर ओळखणारा मार्गदर्शक. चालत्या जहाजाच्या कुशीला सोडलेल्या दोरशिडीवर तो बोटीतून पाऊल ठेवतो. दोन्ही नौका चालत्या असतात आणि दोन्ही लाटेवर वेगवेगळ्या लयीत वर-खाली होत असतात. बोट लाटेच्या माथ्यावर येते त्याच क्षणी त्याला शिडी धरावी लागते. जहाज प्रवाळातल्या वाटेने आत आले की टग, म्हणजे मोठ्या जहाजांना ओढणाऱ्या-ढकलणाऱ्या लहान पण ताकदवान बोटी, त्याला बिलगतात. शेवटचे काही मीटर जहाज इतके सावकाश सरकते की ते थांबल्याचा भास होतो.

मग दोर. जहाजावरून आधी पातळ दोरी फेकली जाते, तिच्या टोकाला वजनदार गाठ असते. धक्क्यावरचे कामगार ती ओढतात आणि तिच्या मागोमाग मनगटापेक्षा जाड दोर पाण्यातून वर येतो. तो लोखंडी खुंटावर चढला की जहाजावरच्या चक्राने ताणला जातो. नीट पाहिल्यास प्रत्येक दोरावर धातूची किंवा प्लॅस्टिकची गोल तबकडी अडकवताना दिसेल. दोरावरून उंदरांनी जहाजावर चढू नये किंवा जहाजावरून बेटावर उतरू नये, यासाठी ती असते. बेटावर या तबकडीचे मोल किती आहे ते प्रश्न १६ च्या उत्तरात येईल.

६. जहाजाच्या अंगावर रंगवलेले आकडे आणि खुणा कशा वाचायच्या?

नाळेजवळ, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाजवळ, आणि मागच्या बाजूला उभ्या ओळीत जे आकडे असतात ते जहाज पाण्यात किती खोल बुडाले आहे, म्हणजे त्याचा ड्राफ्ट किती आहे, ते सांगतात. मीटर पद्धतीत प्रत्येक आकडा १० सेंटिमीटर उंच असतो आणि दोन आकड्यांमध्ये तितकेच अंतर असते. पाणी आकड्याच्या तळाला टेकले असेल तर तो आकडा अचूक. अर्धा आकडा बुडला असेल तर त्यात पाच सेंटिमीटर मिळवायचे. बेटावर आयात जास्त आणि निर्यात कमी असल्याने आलेले जहाज बहुधा खोल बुडालेले असते आणि परत जाताना बरेच वर उचललेले दिसते, कारण त्यावर रिकामे कंटेनर जास्त असतात. एकाच जहाजाचे आकडे येताना आणि जाताना टिपून ठेवले तर बेटाचा व्यापार कोणत्या दिशेने झुकला आहे याचा अंदाज येतो.

जहाजाच्या मध्यावर एक वर्तुळ आणि त्यातून गेलेली आडवी रेघ असते. जहाजावर प्रमाणाबाहेर माल लादून खलाशांचे प्राण धोक्यात घालण्याविरुद्ध ब्रिटिश संसद सदस्य सॅम्युएल प्लिमसोल यांनी लढा दिला आणि १८७६ च्या कायद्याने ही खूण सक्तीची झाली. वर्तुळाशेजारी शिडीसारख्या रेघा असतात. त्यांतील ‘टी’ ही उष्णकटिबंधाची रेघ ‘एस’ या उन्हाळी रेघेच्या वर असते, कारण या पट्ट्यात समुद्र तुलनेने शांत मानला जातो आणि जहाजाला थोडा अधिक माल घेण्याची मुभा मिळते. ही वाढीव मुभा उन्हाळी ड्राफ्टच्या ४८ व्या हिश्शाएवढी असते.

तिसरी गोष्ट म्हणजे सात अंकी आयएमओ (आंतरराष्ट्रीय सागरी संघटना) क्रमांक. जहाजाचे नाव, मालक आणि झेंडा बदलला तरी हा क्रमांक बदलत नाही. तो खरा आहे का हे आपण स्वतः तपासू शकतो. पहिल्या सहा अंकांना डावीकडून अनुक्रमे ७, ६, ५, ४, ३ आणि २ ने गुणून बेरीज करावी; बेरजेचा शेवटचा अंक आणि क्रमांकाचा सातवा अंक सारखाच यायला हवा. उदाहरणार्थ ९०७४७२९ या क्रमांकात बेरीज १३९ येते आणि सातवा अंक ९ आहे. मुले सोबत असतील तर हा हिशेब त्यांच्याकडूनच करून घ्यावा.

७. झेंड्यांचा आणि भोंग्यांचा अर्थ काय?

मागच्या बाजूचा झेंडा जहाजाची नोंदणी कोणत्या देशात आहे ते सांगतो; पनामा, लायबेरिया आणि मार्शल बेटे यांचे झेंडे वारंवार दिसतात. डोलकाठीवर यजमान देशाचा झेंडा आदर म्हणून लावलेला असतो. संकेतांच्या झेंड्यांपैकी चार ओळखता आले तरी पुरे. संपूर्ण पिवळा झेंडा म्हणजे ‘जहाजावर रोगराई नाही, आम्हांला प्रवेशाची मंजुरी द्यावी’. उभा अर्धा पांढरा आणि अर्धा लाल म्हणजे पायलट जहाजावर आहे. संपूर्ण लाल म्हणजे धोकादायक माल. निळ्या पार्श्वभूमीवर पांढरा चौकोन म्हणजे जहाज लवकरच सुटणार असून सर्वांनी जहाजावर परतावे.

भोंग्याचा एक छोटा आवाज म्हणजे जहाज उजवीकडे वळते आहे, दोन म्हणजे डावीकडे, तीन म्हणजे इंजिन उलट्या दिशेने चालू आहे. पाच किंवा अधिक छोटे, झटपट आवाज म्हणजे समोरच्याच्या हालचालीबद्दल शंका आहे. आपण लहान होडीत असताना हे पाच आवाज ऐकू आले तर ते आपल्यासाठीच आहेत असे समजून प्रश्न २० प्रमाणे वागावे.

८. दिवसातली कोणती वेळ चांगली?

पहाट. मासेमारी नौका तेव्हा परततात, ऊन सोसवते, आणि लहान बंदरांत मोठी जहाजे बहुधा उजेडातच आत घेतली जात असल्याने रात्रभर बाहेर थांबलेले जहाज सकाळी पहिल्यांदा आत येते. दुपारी काँक्रीटचा धक्का आणि लोखंडी पत्रे इतके तापतात की पातळ तळाच्या चपला घालून उभे राहवत नाही. टोपी, पाणी आणि बंद बूट यांना पर्याय नाही. संध्याकाळी रमायचे असेल तर परतीची वाट उजेडातच पाहून ठेवावी, कारण उष्णकटिबंधात सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो आणि मावळल्यापासून साधारण २५ मिनिटांत काळोख दाटतो.

९. बंदर नेमके याच जागी का वसले, हे कसे ओळखावे?

तीन गोष्टी पाहाव्यात : वारा, नदी आणि प्रवाळ. व्यापारी वारे वर्षातील बराच काळ पूर्वेकडून वाहतात, म्हणून पुष्कळ बेटांची मुख्य बंदरे डोंगरांच्या आडोशाला, पश्चिमेच्या बाजूला आहेत. प्रवाळाला गोडे आणि गढूळ पाणी मानवत नाही, त्यामुळे नदीच्या मुखासमोर प्रवाळाच्या भिंतीत खिंड राहते आणि तीच जहाजांची वाट होते. होनोलुलूचे बंदर असेच नुउआनु ओढ्याच्या गोड्या पाण्याने मोकळ्या राखलेल्या खिंडीमुळे घडले. अमेरिकन सामोआतील पागो पागो वेगळ्या प्रकारचे आहे. ते ज्वालामुखीच्या बुडालेल्या दरीत वसलेले लांब, खोल आणि डोंगरांनी वेढलेले बंदर आहे. त्या आकाराचा तोटाही आहे, तो प्रश्न २३ मध्ये सांगितला आहे.

१०. भरती-ओहोटीच्या वेळा पाहून जावे का?

मासेमारीची जेट्टी आणि खडकाळ किनारा पाहायचा असेल तर अवश्य. मात्र महासागराच्या मध्यावरच्या अनेक बेटांवर भरती-ओहोटीतला फरक फार थोडा असतो. ताहितीतील पापेएते इथे तो सुमारे फूटभर असतो, आणि एक विलक्षण गोष्ट अशी की तिथे भरती रोज दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आसपासच येते. बहुतेक ठिकाणी चंद्राच्या प्रभावामुळे भरतीची वेळ दररोज सुमारे ५० मिनिटे पुढे सरकते. ताहितीच्या परिसरात चंद्राची भरती जवळजवळ शून्य होते आणि सूर्याची तेवढी उरते. म्हणून एका बेटावरचा अनुभव दुसऱ्या बेटाला लावू नये आणि त्या बंदराचे स्वतःचे भरतीचे वेळापत्रक पाहावे.

११. पाऊस आला की क्रेन अचानक थांबतात. संप आहे की बिघाड?

बहुधा दोन्ही नाही. सिमेंट, साखर, तांदूळ, खत असा सुटा किंवा पोत्यांतला माल उतरत असेल तर सर येण्याआधीच जहाजाच्या पोटावरची प्रचंड झाकणे बंद करावी लागतात, आणि आकाश उघडेपर्यंत कामगार आडोशाला थांबतात. कंटेनरचे काम पावसात चालू राहू शकते, पण सोसाट्याच्या वाऱ्यात तेही थांबते, कारण दोरांवर लोंबकळणारा कंटेनर वारा झेलतो आणि झोके घेऊ लागतो.

१२. खुल्या धक्क्यावर कुठे उभे राहू नये?

ताणलेल्या दोराच्या रेषेत आणि त्याच्या आसपास कधीही उभे राहू नये. सर्वांत महत्त्वाची सूचना हीच आहे. कृत्रिम धाग्यांचा दोर ताणला जाताना लांबतो आणि त्यात प्रचंड ताकद साठते. तो तुटला तर त्याचे टोक डोळ्याला दिसण्याआधीच मागे फेकले जाते. अशा फटक्याने अनुभवी खलाशांचेही प्राण गेले आहेत. खुंटावर बसून छायाचित्र काढून घेण्याचा मोह अनेकांना होतो, आणि नेमकी तीच जागा सर्वांत वाईट असते.

त्याखेरीज धक्क्याच्या काठापासून दोन-तीन पावले दूर राहावे, उचललेल्या मालाखालून जाऊ नये, आणि मागे येणाऱ्या वाहनाचा चालक आपल्याला पाहतो आहे असे गृहीत धरू नये. कवटीचे चिन्ह असलेल्या कंटेनरजवळ फिरकू नये. आत कीड मारण्यासाठी विषारी वायू सोडलेला असतो आणि काही वायूंना वासही नसतो.

१३. लहान मुले किंवा चाकाची खुर्ची वापरणारे ज्येष्ठ सोबत असतील तर?

फेरी बोटींचा धक्का आणि समुद्रकाठचा रस्ता सोयीचा असतो. पाणी उथळ असल्याने मोठे प्रवासी जहाज बाहेर नांगर टाकून लहान बोटींनी माणसे आणत असेल, तर त्या बोटीत पाऊल टाकताना आधाराला धरून उतरावे लागते, आणि लाटा असतील तर चाकाच्या खुर्चीला नकार मिळू शकतो. तेव्हा जहाज धक्क्याला लागणार की बाहेर थांबणार, हे तिकीट काढतानाच विचारून घ्यावे.

१४. छायाचित्रे काढली तर चालतात का? ड्रोन?

सार्वजनिक जागेवरून सर्वसाधारण देखावा टिपायला बहुतेक ठिकाणी हरकत नसते. नौदलाच्या नौका, सुरक्षा तपासणीची जागा आणि तेलाच्या टाक्या यांची छायाचित्रे काढू नयेत, मग फलक असो वा नसो. ड्रोनसाठी लेखी परवानगी हवीच. कामगारांचे छायाचित्र काढण्याआधी त्यांना विचारावे. दिवसभर उन्हात राबणाऱ्या माणसाला न विचारता जवळून टिपणे हे कायद्यात बसले तरी योग्य नाही.

१५. धक्क्यावर उतरलेले ताजे मासे घ्यावेत का?

ताजेपणाबद्दल शंका नसते, प्रश्न वेगळाच आहे. उष्णकटिबंधातील प्रवाळाच्या परिसरात वाढलेल्या काही माशांत सिग्वाटेरा नावाचे विष साठते. शेवाळावर राहणाऱ्या सूक्ष्म जीवांतून ते लहान माशांत आणि त्यांच्याकडून मोठ्या शिकारी माशांत जाते. अशा माशाला वेगळी चव, वास किंवा रंग नसतो, आणि शिजवून, तळून किंवा गोठवून हे विष नाहीसे होत नाही. बाराकुडा, प्रवाळातले मोठे गोबरे आणि मोरे ईल यांच्याबाबत धोका अधिक. खोल समुद्रातल्या ट्यूनाला हा धोका सहसा नसतो. कोणत्या भागातला कोणता मासा टाळायचा हे तिथल्या कोळ्यांना पक्के ठाऊक असते, तेव्हा त्यांचा शब्द मानावा.

१६. घरून आणलेली फळे, बिया किंवा रोपे बंदरातून आत नेता येतील का? एवढी कडक तपासणी कशासाठी?

नेऊ नयेत, आणि नेली असतील तर तपासणीत आपणहून सांगावे. बेटावरच्या प्राण्यांना आणि झाडांना बाहेरच्या शत्रूंची सवय नसते. ग्वाम बेटावर दुसऱ्या महायुद्धानंतर मालासोबत तपकिरी वृक्षसर्प आला आणि काही दशकांतच तिथले बहुतेक सर्व मूळ वनपक्षी नाहीसे झाले. पक्षी गेल्यावर कोळी किड्यांची संख्या बेसुमार वाढली. विजेच्या तारांवर चढणाऱ्या सापांमुळे वीजपुरवठाही वारंवार खंडित होऊ लागला. जहाजे समतोलासाठी पोटात जे पाणी भरतात त्यातूनही परके जीव येतात, म्हणून त्याबाबतचा २००४ चा आंतरराष्ट्रीय करार ८ सप्टेंबर २०१७ पासून अमलात आला. बुटांच्या तळाला लागलेली माती धुऊन जाणे हे आपल्या वाट्याचे काम.

१७. माझा भाऊ मालवाहू जहाजावर आहे आणि ते जहाज त्याच बेटावर लागणार आहे. भेट होऊ शकेल का?

होऊ शकते, पण आयत्या वेळी नाही. सर्वांत आधी भावाने कप्तानाची परवानगी घ्यावी. जहाजाचा त्या बंदरातला एजंट मग आपल्या नावाने पास मागतो. त्यासाठी पारपत्राची प्रत लागते. तेलवाहू किंवा वायुवाहू जहाजावर पाहुण्यांना घेतले जाण्याची शक्यता फारच कमी. अशा वेळी त्यानेच फाटकाबाहेर यावे हे सोपे. सागरी कामगार करार, २००६ नुसार नाविकांना किनाऱ्यावर जाण्याची मुभा आहे, अर्थात कामाची पाळी आणि देशाचे नियम सांभाळून. बऱ्याच बंदरांजवळ नाविकांसाठी विसावा केंद्र असते, तिथे निवांत बसता येते.

एक गोष्ट मनाशी धरून जावी : कंटेनर जहाज काही तासांतच सुटू शकते, आणि येण्याची तारीखही हवामानाप्रमाणे बदलते. विमानाचे तिकीट त्या एका दिवसावर बेतू नये. घरी सगळ्यांनी किती वाट पाहिली आहे याची जाणीव ठेवूनच हे लिहिले आहे.

१८. प्रवासी जहाजाने आलो आणि परतायला उशीर झाला तर?

जहाज थांबत नाही. धक्क्याची वेळ, पायलट आणि टग आधीच ठरलेले असतात, आणि मागे दुसरे जहाज त्याच जागेची वाट पाहत असते. अनेकांची चूक होते ती घड्याळात : जहाजावरची वेळ आणि बेटावरची वेळ वेगळी असू शकते, आणि मोबाईल स्थानिक वेळ दाखवतो. उतरताना दारातल्या फलकावरची वेळ कागदावर लिहून घ्यावी. जहाज सुटलेच तर बंदरातल्या एजंटकडे जावे. पारपत्र जहाजावर जमा असेल तर त्याची प्रत तरी जवळ असावी.

१९. प्रवेशमार्गावरचे लाल आणि हिरवे बोये, म्हणजे जहाजांना वाट दाखवणाऱ्या तरंगत्या खुणा, काही बेटांवर उलटे का दिसतात?

कारण जगात दोन पद्धती आहेत. समुद्रातून बंदरात येताना हिंदी महासागरात आणि दक्षिण पॅसिफिकच्या बहुतेक बेटांवर लाल बोया डाव्या हाताला असतो. अमेरिका खंड, कॅरिबियन, जपान, दक्षिण कोरिया आणि फिलिपिन्स इथे लाल बोया उजव्या हाताला असतो. १९८० मध्ये तीसहून अधिक निरनिराळ्या पद्धतींतून या दोनच ठेवण्यावर एकमत झाले. मॉरिशस किंवा फिजी पाहून हवाईला गेलेल्याला सारे उलटे वाटते ते यामुळे. नुसते पाहणाऱ्याला याने फरक पडत नाही. होडी हाकणाऱ्याला मात्र पडतो.

२०. भाड्याच्या कायाकने बंदरात फिरता येईल का?

बंदराने मनाई केली नसेल अशा भागातच, आणि मोठ्या जहाजांच्या वाटेपासून दूर. अरुंद जलमार्गातच चालू शकणाऱ्या जहाजाला २० मीटरपेक्षा लहान नौकेने अडथळा करू नये, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. त्यामागचे कारण पटण्यासारखे आहे. जहाज चालवणाऱ्याला नाळेपुढचे पाणी काही अंतरापर्यंत दिसतच नाही. नियमांनुसार हे न दिसणारे अंतर ५०० मीटरपर्यंत असू शकते. म्हणजे आपल्याला समोर भिंतीसारखे जहाज दिसत असते तेव्हा त्यावरच्या माणसासाठी आपण अस्तित्वातच नसतो. भोंगा ऐकू आला की वाद न घालता जवळच्या काठाकडे वळावे. मार्ग ओलांडायचाच असेल तर काटकोनात, सर्वांनी मिळून, एका दमात ओलांडावा.

बंदराच्या पाण्यात पोहू नये. पंख्यांचा झोत, तेल, सांडपाणी आणि तळाशी पडलेले लोखंड, यांतले एकही कारण पुरेसे आहे.

२१. आकाश निरभ्र, वारा मंद, तरीही बंदर बंद. असे कसे?

शेकडो किंवा हजारो किलोमीटर दूर झालेल्या वादळाच्या लांब लाटा दोन-तीन दिवसांनी बेटावर पोहोचतात. किनाऱ्यावर त्या डोळ्यांत भरत नाहीत, पण बंदरात शिरल्यावर बांधलेले जहाज पुढे-मागे हेलकावू लागते, दोर ताणले जातात आणि प्रश्न १२ मध्ये सांगितलेला धोका प्रत्यक्षात येतो. अशा वेळी जहाजे बाहेर काढतात आणि फेऱ्या रद्द होतात. परतीच्या फेरीनंतर त्याच दिवशी विमान पकडायचे नियोजन म्हणूनच करू नये.

२२. चक्रीवादळ येणार म्हटल्यावर जहाजे बंदर सोडून समुद्रात का जातात?

मोठ्या जहाजाला खवळलेल्या समुद्रापेक्षा धक्का, प्रवाळ आणि शेजारचे जहाज यांची भीती अधिक असते. मार्च १८८९ मध्ये सामोआतील अपिया बंदरात अमेरिकेच्या तीन, जर्मनीच्या तीन आणि ब्रिटनची एक अशा युद्धनौका एकमेकींवर नजर ठेवून होत्या. वादळाची चिन्हे दिसूनही कोणी वेळेत जागा सोडली नाही. ब्रिटिश ‘कॅलिओपी’ इंजिनाची सारी शक्ती पणाला लावून कशीबशी प्रवाळातल्या खिंडीतून बाहेर पडली आणि वाचली. उरलेल्या सहाही नौका प्रवाळावर किंवा किनाऱ्यावर आपटल्या.

प्रवासाची आखणी करताना कॅरिबियनसाठी जून ते नोव्हेंबर, आणि नैर्ऋत्य हिंदी महासागर व दक्षिण पॅसिफिकसाठी नोव्हेंबर ते एप्रिल हा काळ वादळांचा समजावा. विषुववृत्ताला अगदी लागून असलेल्या बेटांवर चक्रीवादळे क्वचितच येतात, पण प्रश्न २१ मधल्या लाटा तिथेही पोहोचतात.

२३. बंदरात असताना भूकंप जाणवला तर काय करावे?

जोराचा किंवा बराच वेळ टिकणारा धक्का जाणवला तर धोक्याच्या इशाऱ्याच्या भोंग्याची वाट न पाहता पायी चढाच्या दिशेने निघावे. २९ सप्टेंबर २००९ रोजी सामोआजवळच्या भूकंपानंतर अर्ध्या तासाच्या आत सुनामी पागो पागोला पोहोचली, आणि एरवी जहाजांना आसरा देणाऱ्या त्या लांब, निमुळत्या बंदरात पाणी कोंडून आणखी उंच चढले. पाणी अचानक ओसरून बंदराचा तळ उघडा पडला तर तो पाहायला थांबू नये. गाडी शोधत बसू नये. बेटावर वर जाणारा रस्ता बहुधा एकच असतो आणि तो लगेच तुंबतो. पहिली लाट सर्वांत मोठी असतेच असे नाही, दोन लाटांमध्ये अर्ध्या तासाहून अधिक वेळही जाऊ शकतो. म्हणून धोका टळल्याची अधिकृत सूचना मिळेपर्यंत उंचावरच थांबावे.